हातावरचं दही

देवासात आमच्या भावाची आठवण काढणारे आता थोडेच राहिलेत. जे आहेत ते कधीमधी येतात, ओसरीवर बसतात आणि म्हणतात, "जिजी, साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हाचं काही सांगा की." मग मी सांगते. सभा कुठे झाली, जीप कोणी दिली, ग्वाल्हेरच्या विधानसभेत त्याने पहिलं भाषण हिंदीत कसं अडखळत केलं आणि मध्येच "अध्यक्ष महोदय, म्हणजे असं की" म्हणून कसा मराठीत घसरला, सगळं सांगते. लोक हसतात, मीही हसते. दह्याचं मात्र कोणाला सांगत नाही. ते आज लिहून टाकते, कारण बोलायला बसले की मला रडू फुटतं, आणि रडणाऱ्या म्हातारीचं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

भाऊ माझ्याहून दीड वर्षाने लहान. माझं लग्न धारला झालं होतं. सासरे तिथल्या दरबारात दफ्तरात होते. सोळाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर वर्षभर सासूबाईंनी मला ठेवून घेतलं आणि तेवढ्या वर्षात एक विद्या पक्की शिकवली, ती म्हणजे पायताणांचा आवाज ओळखायची. सासऱ्यांच्या जोड्यांची करकर झाली की माणूस बाहेर निघालं असं समजायचं, आणि हातातलं टाकून मागच्या पडवीत जायचं. निघालेल्या माणसाला विधवा समोर दिसली की त्याचं काम बिघडतं. मी इतकी तरबेज झाले होते की कोणी नुसतं पगडीला हात घातला तरी मला मागच्या पडवीत कळायचं.

माहेरी परत आले, पण ती सवय काही सुटली नाही. आमचं घर धाकट्या पातीत आणि समोरचं कापडाचं दुकान थोरल्या पातीत. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. दोन राजे, दोन कचेऱ्या, सगळं दोन-दोन! विधवेसाठी मागचं दार तेवढं दोन्ही राज्यांत सारखंच होतं.

भाऊ वकील झाला, चळवळीत पडला, दोन वेळा तुरुंगात जाऊन आला. त्याच्या लग्नाला मी होते म्हणजे कोठीघरात होते. भावजय मोठी गुणाची, मला तोंडभरून "वन्सं, वन्सं" करायची. भाऊबीजेला मी भावाला ओवाळायची, त्याला कोणाची हरकत नव्हती, ते घरातल्या घरात. पण तो कोर्टात निघाला की दारात उभं राहून हातावर दही घालायची ती भावजय. मी मागे विहिरीवर.

राज्यं खालसा झाली, मध्यभारत झाला. त्या दिवशी भाऊ घरी आला तो पेढे घेऊन. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "जिजी, पात्या गेल्या, राजे गेले. आता तू कोणाला भिऊन मागे पळतेस?"

"तुझ्या बायकोला विचार," मी म्हटलं.

"अगंबाई! मी कधी काय म्हटलं हो, वन्सं?" भावजय चुलीपासून ओरडली. खरंच ती बिचारी कधी काही म्हणाली नव्हती. भीती सगळी माझ्याच अंगात मुरलेली.

भाऊने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "बघ, एक दिवस मी तुझ्या हातचं दही खाऊन पुढच्या दाराने बाहेर पडेन." मी म्हटलं, "वकिलाच्या शब्दाचा काय भरवसा?" आणि हसून सोडून दिलं. 

मग पहिली निवडणूक आली. त्याआधी मतदारांच्या याद्या करायला एक कारकून गल्लीत आला. दारात उभा राहून विचारी, "बाई, नाव?" आतून उत्तर, "धाकट्याची आई." "अहो, तुमचं नाव!" "सांगितलं ना, धाकट्याची आई." आणि नवऱ्याचं नाव विचारलं की तोंडात पदर. आमच्या दक्षिणी, म्हणजे मराठी, बायका काय किंवा मालव्यातल्या घुंघटवाल्या काय, नवऱ्याचं नाव उच्चारायचं म्हणजे जिभेवर निखारा. कारकून कंटाळला आणि बायकांच्या ओळी कोऱ्या सोडून पुढे जायला लागला. मी खिडकीतून बघत होते. माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन त्याला म्हटलं, "थांबा. हिचं नाव मी सांगते, हिच्या नवऱ्याचंही सांगते, लिहा." दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं घ्यायला मला कोणाची बंदी?

आठ दिवस मी त्या कारकुनाबरोबर दारोदार फिरले. एका आजींना स्वतःचं माहेरचं नावच आठवेना. म्हणाल्या, "कोणी हाक मारली असेल तर आठवेल ना गं!" मग आम्ही सगळ्या मिळून आठवत बसलो. मिळालं तेव्हा म्हातारी लाजून लाल झाली. पुढे भाऊने मला बैलगाडीने टोंकखुर्दकडे पाठवलं. तिथल्या बायका आधी दार उघडीनात, मग उघडलं तर सोडीनात. "जिजी, म्हारो बी नाम लिखी लो!" मी पंधरा वर्षं मागच्या दाराने वावरलेली बाई, आणि तिथे मला गावच्या बायका पुढच्या दारातून घरात ओढून नेत होत्या. मला काय वाटलं ते कसं सांगू? मी जन्मात इतकी सुखी नव्हते.

भाऊ उमेदवार म्हणून उभा राहिला. फॉर्म भरायला जायचा दिवस आला, दारात पन्नासएक माणसं, हार, ढोल. आदल्या दिवशी भाऊने बजावलं होतं, "दही तू द्यायचं." मी हो म्हटलं होतं. विरजणही मीच लावलं. पण सकाळी बाहेर ढोल वाजला, भाऊच्या चपलांचा आवाज झाला, आणि माझे पाय आपोआप मागे वळले. मी विहिरीपाशी जाऊन उभी राहिले, हातात दह्याची वाटी तशीच.

आतून भाऊचा आवाज आला, कोर्टातला, खणखणीत. "जिजी आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही."

ढोल थांबला. कोणीतरी म्हणालं, "अरे वकीलसाब, मुहूर्त निकल रहा है." भाऊ म्हणाला, "निकलने दो." भावजय पळत मागे आली, माझा हात धरून ओढत म्हणाली, "चला हो वन्सं, ते नाही ऐकायचे." मी कशी गेले ते मला सांगता येत नाही. पुढच्या दारात सगळे माझ्याकडे बघत होते. कापडवाल्या शेठने तर तोंड फिरवलं. भाऊने हात पुढे केला. मी खाली बघतच दही घातलं, ते त्याच्या हातावर कमी आणि सदऱ्याच्या बाहीवर जास्त पडलं. त्याने चाटून खाल्लं, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि उंबरा ओलांडून गेला. बाहीवरचा डाग त्याने पुसला नाही. तसाच कचेरीत गेला.

आणि निवडून आला! टोंकखुर्दकडच्या बायका गाड्या भरभरून मत द्यायला आल्या होत्या. काहींनी म्हणे मतपेटीला कुंकू लावलं. "जिजी को भई", जिजीचा भाऊ, म्हणून त्यांनी त्याला मत दिलं, असं भाऊच सगळ्यांना सांगायचा. मी म्हणायची, "पुरे रे." पण कान तिकडेच असायचे.

पुढची पाच वर्षं तो ग्वाल्हेरला निघाला की मी दारात. उज्जैनला गाडी बदलून जायचं असायचं, सकाळची घाई असायची, तरी दही घेतल्याशिवाय पाय बाहेर नाही. हळूहळू दही बाहीवर सांडायचं थांबलं. मी त्याच्या टोपीची घडी नीट करायची, वर बोलूनही घ्यायची, "टोंकखुर्दची सडक विसरू नको. पावसाळ्यात त्या काळ्या चिखलात बाळंतिणी अडकतात." तो म्हणायचा, "जिजी, विधानसभेत विरोधी पक्ष बरा, घरातला नको." सडक त्याने मंजूर करून आणली. तिथे मुलींची शाळाही काढली. सडक मात्र नाल्यापर्यंत येऊन थांबली. नाल्यावरचा छोटा पूल, ती पुलिया, काही होईना. तो दर अधिवेशनात प्रश्न विचारी, मंत्री दर वेळी "विचाराधीन" म्हणत.

मग मध्यभारतही गेला. मोठा प्रांत झाला, राजधानी भोपाळ झाली, आणि भाऊची ओळखीची माणसं मागे पडली. ओसरीवर नवीन मंडळी दिसायला लागली. पांढरे कपडे, तोंडात पान, सगळे एकमेकांना "भिया, भिया" करणारे. दुसरी निवडणूक जवळ आली. समोरचा उमेदवार गावोगाव सांगत होता की हे दक्षिणी, हे दरबारी लोक, यांना आपलं काय पडलंय? भाऊला ते फार लागलं. ज्याने दरबाराविरुद्ध तुरुंग भोगला त्याला दरबारी म्हणायचं! तो जेवताना गप्प बसायला लागला. झोपेत बडबडायचा म्हणे, भावजय सांगायची.

एका दुपारी मी आत ताक घुसळत होते. ओसरीवर त्या मंडळींतला एक जण हळू आवाजात म्हणत होता, "वकीलसाब, बुरा मत मानना. देहात में बात चल रही है. कहते हैं, घर से निकलते बखत सामने बेवा खड़ी रहती है, इसी से सड़क अधूरी रही."

मी रवी धरून थांबले. आता भाऊ याला ओसरीवरून खाली उतरवणार, मला खात्री होती. मी वाट बघितली.

भाऊ म्हणाला, "चाय लोगे?"

एवढंच. मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, मूर्खाच्या तोंडी कशाला लागायचं म्हणून टाळलं असेल. वकील माणूस आहे.

संक्रांत होऊन गेली होती. भाऊ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "जिजी, नेमावरला जाऊन ये. नर्मदेचं स्नान होईल. शेजारच्या काकू जाताहेत, सोबत आहे. सोमवारी जा, गुरुवारी परत ये. फॉर्म शुक्रवारी भरायचाय, तोवर येशीलच."

मला केवढा आनंद झाला! इतक्या गडबडीत याला माझ्या स्नानाची आठवण! निघताना मी भावजयीला बजावलं, "विरजण तू लावू नकोस गं. गुरुवारी मी आले की लावीन, शुक्रवारी ताजं असेल." तिने मान खाली घातली. मला वाटलं, तिची कंबर दुखत असेल.

नेमावरला बुधवारी सकाळी स्नान करून मी घाटावर दिवा सोडत होते, भावाच्याच नावाने. तेवढ्यात आमच्या गल्लीतले गुरुजी दिसले. कोणाच्या अस्थी घेऊन आले होते. मी हाक मारली. ते म्हणाले, "तुम्ही इथे कशा? आज साहेबांचा फॉर्म ना? मुहूर्त मीच काढून दिलाय, साडेनऊचा. एवढ्यात निघालेही असतील."

"शुक्रवारी," मी म्हटलं.

"छे हो, आजच, बुधवारी." गुरुजी म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून उगाच धोतराचा सोगा सावरत बसले.

मी पायरीवर बसले. काकू विचारत होत्या, काय झालं, चक्कर आली का. मला रडूसुद्धा येईना. ज्याने मुहूर्त टळला तरी चालेल म्हणून मला दारात ओढून आणलं होतं, त्यानेच मुहूर्त साधायला मला नर्मदेत नेऊन बुडवलं. धारच्या सासूबाईंनी जे केलं ते तोंडावर केलं. याने मला आनंद दाखवून केलं. त्या वेळी तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती, आमदार असो की आणखी कोणी.

गुरुवारी घरी आले. उंबऱ्यावर रांगोळी पायांनी पुसटलेली, अक्षता सांडलेल्या. मोरीवर तीच दह्याची वाटी घासून उपडी घातलेली. भावजय रडायला लागली. "वन्सं, मी नको म्हटलं होतं हो. त्या लोकांनी पाच सवाष्णी आणल्या होत्या." मी म्हटलं, "पाण्याचा तांब्या दे, पाय धुते."

संध्याकाळी भाऊ आला. बराच वेळ ओसरीवरच घुटमळला. मग आत येऊन म्हणाला, "स्नान झालं?"

"झालं."

"गर्दी होती?"

"नव्हती."

त्यानंतर आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. त्या निवडणुकीत मी प्रचारालाही गेले नाही. भाऊने विचारलं नाही, मी म्हटलं नाही. तो टोंकखुर्दला जीप घेऊन गेला तेव्हा बायकांनी विचारलं, "थारी बेन कां हे, वकीलसाब?" तो म्हणाला, तब्येत बरी नाही. बायकांना सगळं कळतं. मतदानाच्या दिवशी त्या गाड्या आल्याच नाहीत. भाऊ हरला. निकाल ऐकून घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि कोचावर भिंतीकडे तोंड करून पडला. ती भिया मंडळी दुसऱ्या दिवसापासून दिसेनाशी झाली. ओसरी इतकी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. एक दिवसभर बरं वाटलं. त्याबद्दल देवाने मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी.

भाऊ पुन्हा कोर्टात जाऊ लागला. रोज सकाळी चपला घालायचा, आणि मी त्या आवाजासरशी मागे जायची. पूर्वी भीतीने जायची, आता हट्टाने. तो दारात थोडा थांबायचा. खाकरायचा, छत्री उघडून मिटायचा, काही विसरल्यासारखं खिसे चाचपायचा. मला मागून सगळं ऐकू यायचं. मी विहिरीवर नुसती उभी असायची, हातात ना बादली ना कपडा. मग चपला पायऱ्या उतरायच्या. अशी दोन वर्षं काढली आम्ही. जेवायला वाढत होते, पोळीवर तूप घालत होते, ताप आला तर काढा देत होते. दारात तेवढी गेले नाही. मनात यायचं, एकदा तोंडाने म्हणू दे, जिजी चुकलो. मग बघू.

ती सकाळ श्रावणातली. मी विळीवर दोडकी चिरत होते. चपलांचा आवाज झाला, मी उठणार, तेवढ्यात त्याने हाक मारली. कोर्टातली नव्हे, लहानपणची, हळू.

"जिजी, दही आहे का गं घरात?"

तो काय विचारतोय ते मला बरोबर समजलं. चुकलो म्हणायची त्याची तीच रीत होती. याहून जास्त त्याला जमलं नसतं, आणि हे मला त्याच क्षणी कळत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण जीभ! ही मेली जीभ म्हणाली, "नाही. काल दूधच नासलं."

छत्री उघडून मिटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं बरं. असू दे." आणि चपला पायऱ्या उतरल्या.

दुपारी त्याला चार जणांनी कोर्टाच्या व्हरांड्यातून उचलून आणलं. बाकावर बसल्या बसल्याच गेला, म्हणाले. कोणाच्या हातच्या दह्याने माणूस जगत नाही की मरत नाही. हे मला कळतं, कोणी समजावायला नको. त्याला न्यायला निघाले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला हाताला धरून पुढच्या दारात आणलं. "जिजी, या, समोर उभ्या राहा, नीट बघून घ्या." आता मला कोणी अडवत नव्हतं. माझ्या समोर येण्याने बिघडावं असं त्याचं काही काम उरलं नव्हतं. टोंकखुर्दच्या बायका आल्या होत्या, चिखल तुडवत, नाल्यातून. मी दारात उभी राहिले आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी भावजय कशासाठी तरी स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागोमाग गेले. फडताळ उघडं होतं आणि तिच्या हातात दह्याचा सट होता, भरलेला, कडांना पाणी सुटलेलं. त्या सकाळी ती मधल्या खोलीतच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"वन्सं, दही तर होतं," ती म्हणाली.

"होतं," मी म्हटलं.